पाषाणांतून परतलेला वृक्ष

चीनमधील वनस्पतींचा इतिहास चाळतांना एका वृक्षाची हकीकत आमच्या मनांत घर करून राहिली आहे. इ. स. १९४१ मध्यें शिगेरू मिकी या जपानी शास्त्रज्ञानें अश्मीभूत अवशेषांवरून ‘मेटासेक्वोइया’ ही नवी वृक्षजाति स्थापिली. ती लक्षावधि वर्षांपूर्वींच निर्वंश झाली, असा विद्वानांचा समज होता. त्या वेळीं चीन व जपान यांच्यामध्यें घनघोर युद्ध चाललें होतें. अशांतच १९४३ सालीं वांग चान यांनीं मध्य चीनमधील मोदाओशी गांवांतून एका अनोळखी वृक्षाचे नमुने आणिले. गांवकऱ्यांस मात्र तो अनोळखी नव्हता. ते त्यास ‘शुइ-शा’ म्हणत, आणि त्याच्या बुंध्याशीं त्यांचें लहानसें देऊळहि होतें. १९४६ मध्यें हू शिएनसू यांनीं ओळखिलें कीं, मिकींची जाति ती हीच! १९४८ मध्यें चंग वानच्युन यांच्यासह त्यांनीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि शत्रुराष्ट्रांतील विद्वानानें दिलेलें नांवच कायम ठेविलें.

याच हूंनीं १९५५ सालीं लिसेंकोच्या मतांवर उघड टीका करून राज्यकर्त्यांचा रोष पत्करिला. १९६८ मध्यें, सांस्कृतिक क्रांतीच्या धामधुमींत, त्यांचा अंत झाला. त्या वृक्षाचीं रोपें आज जगभरच्या उद्यानांत वाढत आहेत. सत्य शत्रूकडूनहि घ्यावें आणि सत्तेपुढेंहि सोडूं नये, हा त्या विद्वानाचा धडा आम्हांस त्या वृक्षाइतकाच मोलाचा वाटतो.