जुन्या डिझेल ट्रकचा गिअरबॉक्स
मेहकर तालुक्यातून रेल्वे जात नाही; तिथल्या जानेफळ भागातला कापूस-सोयाबीन बाजारात पोचतो तो रस्त्यानेच. या वाहतुकीला बळ देणारे टाटा-मर्सिडीज-बेंझ डिझेल ट्रक 1954 मध्ये जमशेदपूरहून निघू लागले. टाटा आणि मर्सिडीज-बेंझ यांच्यातला करार 1969 मध्ये संपला.

जुन्या ट्रकांत वरचा गिअर बहुधा 1:1 असे, म्हणजे इंजिन आणि मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा प्रॉपेलर शाफ्ट यांचे फेरे सारखे. त्याहून वरच्या गिअरचे, म्हणजे ओव्हरड्राइव्हचे, प्रमाण 0.75 धरले, तर त्याच वेगाला मिनिटाला 2,400 ऐवजी 1,800 फेरे पुरतात. डिझेल वाचते, आवाज घटतो.

अमेरिकेत 1980 च्या दशकात ओव्हरड्राइव्ह ऑटोमॅटिक बॉक्स रुळले आणि पुढे जुन्या डिझेल पिकअपमध्येही बसवले जाऊ लागले. त्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे बेल हाउसिंग जुळवावे लागते, क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर येतो, प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलून तो बॅलन्स करावा लागतो आणि तेलासाठी कूलर लागतो.

बहुतेक भारतीय ट्रकांत मात्र हाताने टाकायचा गिअरच टिकला. त्याचे सुटे भाग सहज मिळतात आणि गावोगावचे मिस्त्री तो खोलून दुरुस्त करतात. शिवाय 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीतील फेरबदलांवर मर्यादा घालते.