कॅन्सर संशोधनाची उन्हाळी संधी : चंद्रपूर–गडचिरोलीच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी माहिती

आपल्या वस्तीतली मुले-मुली आता एमबीबीएसला जाऊ लागली आहेत. चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2015 मध्ये सुरू झाले, गडचिरोलीत पहिली तुकडी 2024 मध्ये आली. पण प्रवेश मिळाला की आपला पाठपुरावा थांबतो. शिकत असतानाच संशोधन करता येते आणि त्यासाठी शासनाचे मानधनही मिळते, हे अनेकांना तिसऱ्या वर्षापर्यंत कळतच नाही. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

मुख्य योजना : आयसीएमआरची एसटीएस

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) 1979 पासून ‘शॉर्ट टर्म स्टुडंटशिप’ ही योजना चालवते. एमबीबीएस व बीडीएसचे विद्यार्थी स्वतःचा छोटा प्रकल्प मांडतात आणि निवड झाल्यास दोन महिन्यांत तो पूर्ण करतात. अहवाल मंजूर झाला की मानधन व प्रमाणपत्र मिळते. इंटर्न आणि पदव्युत्तर विद्यार्थी यात बसत नाहीत, त्यामुळे दुसऱ्या वर्षापासूनच तयारी करा.

लक्षात ठेवायच्या गोष्टी :

- मार्गदर्शक आपल्याच महाविद्यालयातील पूर्णवेळ शिक्षक हवा. एका मार्गदर्शकाकडे त्या वर्षी एकच विद्यार्थी असतो. जाहिरात निघेपर्यंत थांबलात तर चांगले मार्गदर्शक आधीच ठरलेले असतात.
- पीएसएम, पॅथॉलॉजी, कान-नाक-घसा, स्त्रीरोग आणि दंत या विभागांत कॅन्सरचे विषय सहज मिळतात.
- महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. समितीची बैठक रोज होत नाही, म्हणून हा कागद सर्वात आधी हाती घ्या.
- तारखा आणि मानधनाची रक्कम बदलत असते. आयसीएमआरच्या संकेतस्थळावरील चालू वर्षाची सूचनाच प्रमाण माना. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या जुन्या जाहिरातीवर विसंबू नका.

एमबीबीएसला दोन महिन्यांची मोकळी सुट्टी नसते. वर्ग सांभाळूनच काम करावे लागते. त्यामुळे आपल्या रुग्णालयात किंवा जवळच्या गावात होईल असाच विषय निवडा.

जवळची केंद्रे

नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय, जामठ्याचे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान ही विदर्भातली महत्त्वाची ठिकाणे. चंद्रपुरातही टाटा ट्रस्टच्या सहभागातून कॅन्सर रुग्णालय उभे राहिले आहे. प्रयोगशाळेतले काम शिकायचे असेल तर टाटा मेमोरियल सेंटरची खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक ही संस्था आहे. तिथल्या अल्पकालीन प्रशिक्षणाची आणि राहण्या-खाण्याच्या खर्चाची चौकशी अर्जाआधीच करा.

बीएस्सी करणाऱ्या भावंडांसाठी देशातील तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे. तिचे अर्ज आदल्या वर्षाच्या हिवाळ्यातच सुटतात.

विषय आपल्या दारात आहेत

पहिला विषय खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ही पुडी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पोराटोरांच्या खिशात सापडते. राज्यात गुटखाबंदी 2012 ची आहे, पण खर्रा पानठेल्यावरच घोटला जातो. नुसती सुपारीही कॅन्सरकारक आहे, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच जाहीर केले. सुपारीमुळे तोंड उघडणे कमी कमी होत जाते. ओपीडीत येणाऱ्यांचे तोंड किती मिलिमीटर उघडते आणि खर्रा किती वर्षांपासून सुरू आहे, याची नोंद दोन महिन्यांत नीट होऊ शकते. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ हा दारू-तंबाखूविरोधी उपक्रम 2016 पासून सुरू आहे, त्याच्या अनुभवाचाही उपयोग होईल.

दुसरा विषय उशीर. तीस वर्षांवरील लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी हा शासकीय कार्यक्रमाचा भाग आहे. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. त्यात संशयित ठरलेल्यांपैकी किती जण पुढे रुग्णालयात पोहोचले? सिरोंचाहून नागपूर तीनशे किलोमीटरहून अधिक आहे. बुडणारी मजुरी, गाडीभाडे, सोबत यायला माणूस नसणे, यांपैकी कशाने रुग्ण थांबला, हे मोजले तर प्रशासनाकडे मागणी करायला आकडा हाती येतो.

तिसरा विषय खाणी आणि वीज केंद्राचे प्रदूषण. प्रश्न खरा आहे, पण त्याचा कॅन्सरशी संबंध दोन महिन्यांत सिद्ध होत नाही. त्याला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. घाईने काढलेला निष्कर्ष आंदोलनाचेच नुकसान करतो.

खेड्यातले संशोधन छोटे नसते. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील स्त्रियांच्या आजारांवर केलेला अभ्यास 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगभर वाचला गेला.

संमतीचा प्रश्न

संशोधनात आजवर आपली माणसे बहुतेकदा तपासली जाणारी असत, तपासणारी क्वचितच. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. खम्ममच्या आश्रमशाळांतील अनेक आदिवासी मुलींच्या फॉर्मवर पालकांऐवजी वसतिगृह अधीक्षकांच्या सह्या होत्या. 2010 मध्ये प्रकल्प थांबवला गेला आणि 2013 मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. लसीमुळे मृत्यू झाल्याचे चौकशीत सिद्ध झाले नाही आणि ही लस गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून संरक्षण देते. दोष संमतीच्या प्रक्रियेत होता.

म्हणून संमतिपत्र मराठीत, आणि गरज तिथे गोंडी-माडियात समजावून सांगा. ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या उपचारात फरक पडणार नाही, हे स्पष्ट सांगा. संशयित आढळलेल्या प्रत्येकाला पुढच्या तपासणीपर्यंत पोहोचवा. नुसती नोंद करून निघून येऊ नका.

कार्यकर्त्यांनी काय करावे

- विहारातील अभ्यासिकेत योजनेची सूचना लावा.
- ज्यांचा प्रकल्प मंजूर झाला, त्यांचा प्रस्ताव नव्या मुलांना वाचायला मिळू द्या. इंग्रजी लेखनात अडणाऱ्यांना शिक्षक मंडळींनी हात द्यावा.
- निष्कर्ष हाती आले की ते गावात, बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात मराठीतून मांडायला लावा. ज्यांनी माहिती दिली, त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे.

16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्या भूमीतल्या विद्यार्थ्यांनी आपल्याच माणसांच्या आजारावर प्रश्न विचारावेत आणि उत्तर पुराव्यानिशी द्यावे. मार्गदर्शक शोधायला याच आठवड्यात सुरुवात करा.

जय भीम!