राहात्याचा पेरू आणि देशाच्या प्रथिनांचा हिशेब

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या उत्तरेकडील कोपरगाव, राहाता आणि श्रीरामपूर हा पट्टा आज फळबागांसाठी ओळखला जातो. त्यातही पेरू म्हटला की राहात्याचे नाव निघते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र हा मुलूख दुष्काळी यादीत होता. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीत धो-धो पाऊस पडे, पण गोदावरी आणि प्रवरेच्या खालच्या खोऱ्यांत ज्वारी-बाजरीची पिकेही दर दोन-चार वर्षांनी हातची जात. 1876-78, 1896-97 आणि 1899-1900 हे तीन दुष्काळ जिल्ह्याने लागोपाठ सोसले. त्यानंतर 1901 मध्ये नेमलेल्या सिंचन आयोगाने दख्खनमध्ये दुष्काळनिवारक कालव्यांचा आग्रह धरला. त्यातून नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यावरून गोदावरीचे उजवा आणि डावा कालवे निघाले, 1916 मध्ये त्यांच्या डोक्यावर दारणा धरण झाले, आणि 1926 मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे होऊन प्रवरा कालव्यांना बारमाही आधार मिळाला.

कालवे आले तरी शेतकरी लगेच पाण्याकडे वळला नाही. पाऊस बरा झाला तर पाणीपट्टी कशाला भरायची, हा त्याचा हिशेब होता आणि तो चुकीचाही नव्हता. पाण्याला कायमचे गिऱ्हाईक मिळावे म्हणून विश्वेश्वरय्यांनी आखलेली ब्लॉक पद्धत कामी आली. ठरावीक क्षेत्राला ठरावीक वर्षे पाण्याची हमी मिळू लागली आणि त्या हमीच्या भरवशावर बारमाही पिके उभी राहिली. सासवडकडचे माळी नीरा कालव्यावर बागायत शिकलेले होते. ते कालव्यांच्या मागोमाग कोपरगाव-बेलापूरकडे आले, खंडाने जमिनी घेतल्या आणि ऊस लावला. बेलापूर कंपनीने हरेगावला कारखाना काढला, पुढे टिळकनगर, साकरवाडी, चांगदेवनगर येथे खासगी कारखाने झाले, आणि 1950 मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला. त्या काळच्या शेतीचा इतिहास बहुतेक उसाचाच इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. फळझाडे त्याच्या कडेकडेने वाढली, म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले.

पेरू मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतला. पोर्तुगिजांच्या काळात तो भारतात आला आणि इथलाच होऊन गेला. दख्खनमध्ये त्याला बाजारी पीक बनवणारे काम पुण्यात झाले. गणेशखिंडीच्या सरकारी बागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी लखनौहून आणलेल्या बियांपासून रोपे वाढवली आणि 1927 मध्ये त्यांतून 49 क्रमांकाचे झाड निवडले. तोच लखनौ-49, ज्याला पुढे सरदार हे नाव मिळाले. झाड ठेंगणे व पसरट, फळ मोठे, गर पांढरा, गोड आणि भरपूर. याच बागेत चीमांनी 1936 मध्ये आळंदी जातीच्या रोपांतून निवडलेले डाळिंब पुढे ‘गणेश’ म्हणून गाजले. नगर जिल्ह्यातल्या दोन प्रमुख फळपिकांची मुळे अशी एकाच बागेत सापडतात. त्या मानाने चीमांचे नाव बागाइतदारांच्या तोंडी फारच कमी येते.

राहात्याच्या बाजूला पेरू टिकला तो जमिनीमुळे. उसाला बेसुमार पाणी दिल्याने कालव्याखालच्या कितीतरी जमिनी पाणथळ आणि चोपण झाल्या. एके काळी या पट्ट्यात मोसंबीच्या नावाजलेल्या बागा होत्या. मोसंबीला निचरा लागतो, मुळाशी पाणी साचले की झाड शेंड्याकडून वाळत जाते. पेरू त्या मानाने सोशीक आहे. हलकी मुरमाड जमीन असो, मध्यम काळी असो की थोडी खारवट, तो तग धरतो. एखादे आवर्तन चुकले तरी झाड मरत नाही. कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला असेच झाड हवे होते.

बागेचे वर्ष बहराभोवती फिरते. पेरूला मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहर येतात, पण तिन्ही घेतले तर कोणताच धड लागत नाही. इथे प्रामुख्याने मृग धरला जातो. उन्हाळ्यात पाणी तोडून बागेला ताण देतात, आळी खणून वरच्या तंतुमुळांना ऊन दाखवतात. पाने पिवळी पडून गळतात आणि बाग मेल्यासारखी दिसते. मेअखेरीस शेणखत घालून आळी बुजवतात आणि हलके पाणी सुरू करतात. पावसाबरोबर फुटलेल्या नव्या फुटींवर फुले येतात आणि थंडीत, मार्गशीर्ष-पौषात, फळ तयार होते. हिरवा रंग जाऊन पोपटी-पिवळसर झाक आली की पहाटे, देठाला एखादे पान ठेवून, तोडणी होते. पक्व पेरू साध्या हवेत तीन-चार दिवसांवर टिकत नाही, त्यामुळे हा धंदा आधीपासून रस्त्याच्या आधाराने वाढला. दौंड-मनमाड रेल्वे 1878 पासून या भागातून जात होती, तरी पेरूला खरी गिऱ्हाइकी दिली ती नगर-मनमाड रस्त्याने आणि शिर्डीच्या यात्रेने. दर्शनाला आलेला माणूस परतताना पाटीभर पेरू घेऊन जाऊ लागला आणि राहात्याच्या बाजार समितीत पेरूचे लिलाव रोजचे झाले.

अशा बागांची बेरीज देशाच्या आकड्यांत उतरते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना 1961 पासून प्रत्येक देशाचा अन्नताळेबंद मांडत आली आहे. उत्पादनात आयात मिळवायची, त्यातून निर्यात, बियाणे, पशुखाद्य आणि नासाडी वजा करायची, उरलेल्याला लोकसंख्येने व 365 ने भागायचे. मग दर माणशी दर दिवशी किती उष्मांक, किती प्रथिने आणि किती स्निग्धांश उपलब्ध झाले हे निघते. केळी, अननस, सफरचंद यांना त्यात स्वतंत्र रकाने आहेत. पेरू मात्र आंब्यासह ‘इतर फळे’ या गठ्ठ्यात जातो. पेरूची वाटचाल स्वतंत्र पाहायची तर उत्पादनाच्या आकड्यांवरून हिशेब करावा लागतो.

1991-92 मध्ये भारतात सुमारे 11 लाख टन पेरू झाला. त्या वेळच्या जवळपास 85 कोटी लोकसंख्येत तो दर माणशी दिवसाला साडेतीन ग्रॅम येतो. 2015-16 च्या सुमारास उत्पादन 40 लाख टनांच्या घरात गेले आणि लोकसंख्या 131 कोटींच्या आसपास होती, म्हणजे वाटा सुमारे आठ-सव्वाआठ ग्रॅम. नासाडी यात वजा केलेली नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात 100 ग्रॅम पेरूत 0.9 ग्रॅम प्रथिने दिली आहेत. त्या हिशेबाने पेरूतून मिळणारी प्रथिने पाव शतकात दिवसाला 0.03 ग्रॅमवरून 0.07 ग्रॅमवर गेली. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात मात्र हाच आकडा 2.55 ग्रॅम आहे. तो धरला तर 0.07 चे 0.2 होतात. जात, माती, पक्वता यांनी फरक पडतो. शिवाय प्रथिने थेट मोजली जात नाहीत. 1883 मध्ये डेन्मार्कच्या केल्डाल यांनी काढलेल्या रीतीने नत्र मोजून त्याला 6.25 ने गुणतात, आणि फळातले सगळेच नत्र प्रथिनांचे नसते. दशांश चिन्हापुढच्या अशा आकड्यांवरून देशादेशांची तुलना करताना हे विसरता कामा नये.

कोणताही तक्ता घेतला तरी चित्र तेच राहते. 65 किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला 54 ग्रॅम प्रथिने लागतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशी सांगतात. नगर जिल्ह्यात ती येतात भाकरी, तूर, हरभरा आणि दुधातून. शंभर ग्रॅम बाजरीच्या पिठात साडेअकरा ग्रॅमवर प्रथिने असतात. तेवढी पेरूतून मिळवायची तर जुन्या तक्त्याप्रमाणे सव्वा किलोहून अधिक पेरू खावे लागतील. पेरूचे आहारातले खरे मोल क जीवनसत्त्वात आहे, शंभर ग्रॅममागे 200 मिलिग्रॅमहून जास्त. त्यामुळे त्याच भाकरीतले लोह अंगी लागायला मदत होते. प्रथिनांच्या रकान्यात हे काहीच दिसत नाही, आणि बाजरीच्या मुलखात ते सर्वांत महत्त्वाचे आहे.

पेरूच्या उत्पादनाचा आकडा वाढला तो आहाराचे नियोजन करून नव्हे. 1990 मध्ये महाराष्ट्राने रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आणली. खड्डे खणणे, रोपे लावणे आणि जगवणे यांची मजुरी सरकारने उचलली. लहान शेतकऱ्याला फळबाग पहिल्यांदा परवडली ती तेव्हा. 2005-06 पासून राष्ट्रीय फलोत्पादन अभियानाने हेच काम देशभर नेले. त्याआधीच, 1968 मध्ये, राहुरीला कृषी विद्यापीठ झाले होते आणि गणेशखिंडीची फळसंशोधनाची परंपराही त्याच्याकडे आली होती.

गेल्या दोन दशकांत बागांचे रूप पालटले. पूर्वी वीस-वीस फुटांवर, एकरी सुमारे 110 झाडे असत. आता सघन लागवडीत त्याच्या कितीतरी पट झाडे छाटून ठेंगणी ठेवतात. सरदारच्या जोडीला ललित, व्हीएनआर-बिही, तैवान पिंक अशा जाती आल्या. फळमाशी आणि डागांपासून वाचवण्यासाठी कोवळ्या फळाला फोमची जाळी आणि वर प्लॅस्टिकची पिशवी चढवतात. त्यामुळे मजुरीचा खर्च चढला, पण माल डागविरहित येऊन लांबच्या शहरांत जाऊ लागला. जुन्या बागांना मर रोगाने आणि सूत्रकृमींनी पोखरले आहे आणि त्या ठिकाणी पुन्हा पेरू लावणे धोक्याचे ठरते. पाण्याचा भरवसाही पूर्वीसारखा राहिलेला नाही. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यानंतर टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडावे लागते, गोदावरी कालव्यांची आवर्तने कमी होतात, आणि ब्लॉकच्या हमीवर उभ्या राहिलेल्या बागा शेततळे आणि ठिबक यांवर जगवाव्या लागतात.