खोट्या सशाची किंकाळी

ऑनसाइटला नेब्रास्कात होतो तेव्हाची गोष्ट. टीममधला एकजण, ज्याच्या वडिलांचं गावाकडे गुरांचं मोठं रँच आहे, जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसला. "तुला स्पीकरमधलं कळतं ना? मग यातला कुठला घेऊ सांग." (फायनल इयरला ॲम्प्लिफायरचा प्रोजेक्ट केला होता, तेवढ्यावर माझी ही कीर्ती!) स्क्रीनवर बघतो तर हिरवट-तपकिरी रंगाचे छोटे भोंगे. त्यातून म्हणे मरणाऱ्या सशाची किंकाळी वाजवायची, आणि ती ऐकून रात्री कायोटी आला की गोळी घालायची. कायोटी म्हणजे लांडग्याचा धाकटा भाऊ समजा. थंडी सरता सरता रँचवर वासरं जन्मतात आणि हा त्यांच्यावर टपलेला असतो.

मी हो म्हणालो आणि वीकेंडला वाचायला बसलो. म्हटलं बॅटरी आणि वॅट बघून सांगून टाकू. पण वाचता वाचता कळलं, त्या डब्यावरचं एकेक बटण म्हणजे कुठल्या तरी जुन्या अडचणीचं उत्तर आहे. ती अडचण कळल्याशिवाय काय निवडणार, कप्पाळ?

सुरुवात अर्थातच तोंडाने. जखमी सशाचा आवाज काढून शिकारी प्राण्याला बोलावणं फार जुनं. टेक्सासमधल्या मार्बल फॉल्सच्या बर्नहॅम बंधूंनी १९५० च्या दशकात या कलेचा धंदा केला आणि तोंडाने फुंकायच्या शिट्ट्या देशभर विकल्या. शिट्टीचं दुखणं सरळ आहे. आवाज तुमच्याच तोंडातून येतो, म्हणजे कायोटीची नजर, कान आणि नाक, तिन्ही तुमच्यावरच. वर कडाक्याच्या थंडीत शिट्टीत वाफ गोठते आणि ऐन वेळी ती मुकी होते.

मग आला ट्रान्झिस्टर. १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये तो जन्मला, आणि १९५४ पासून खिशातले रेडिओ मिळू लागले. बॅटरीवरचा ॲम्प्लिफायर रानात नेता येऊ लागला. टेक्सासमधल्याच वेको गावच्या जॉनी स्ट्युअर्टने खऱ्या प्राण्यांचे आवाज रेकॉर्ड करून आधी तबकड्यांवर आणि पुढे टेपवर विकले. आता नक्कल नाही, अस्सल माल! पण उणे वीस अंशात टेपरेकॉर्डरच्या यंत्रातलं वंगण घट्ट होतं, टेप हळू फिरते आणि सशाचा आवाज बसतो. आवाज बदलायचा तर अंधारात हातमोजे काढून कॅसेट बदला. तोवर कायोटी पसार.

खरा फरक पडला तो आवाज चिपवर गेल्यावर. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पेनसिल्व्हेनियातल्या फॉक्सप्रोसारख्या कंपन्यांनी डिजिटल कॉलर आणले. फिरणारा भागच नाही, त्यामुळे टेपचं दुखणं संपलं. सोबत रिमोट आला. भोंगा पन्नास-शंभर पावलांवर ठेवा आणि आपण लांब बसा. कायोटी भोंग्याकडे बघत येतो, आपल्याकडे नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात मोठा शोध हाच. आवाज आणि माणूस यांची फारकत.

तर सोमवारी त्याला सांगितलं ते असं. एक, आवाज किती आहेत त्यापेक्षा रिमोट किती भरवशाचा ते बघ. बटणं हातमोज्यांतून दाबता आली पाहिजेत आणि स्क्रीनचा उजेड अगदी मंद करता आला पाहिजे. थंडीत एलसीडी सुस्तावतो, तेव्हा तो न बघताही चालवता यायला हवा. दोन, साध्या अल्कलाइन सेलमध्ये पाण्याचं द्रावण असतं, गारठ्यात ते निम्मं काम टाकून देतात. एए आकाराचे लिथियम सेल उणे चाळीसपर्यंत तग धरतात. जास्तीचे सेल कोटाच्या आतल्या खिशात ठेव. तीन, भोंग्याचा स्पीकर थोड्या विजेत सशाची बारीक किंकाळी लांब फेकतो, पण कायोटीची हूल भरदार यायला कोनवाला स्पीकर लागतो. जानेवारी ते मार्च त्यांचा जोडी जमवायचा काळ, तेव्हा हूलसुद्धा कामाला येते. म्हणून दोन्ही असलेला घे. चार, वॅटच्या मागे लागू नकोस. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो हे खरं, पण निरभ्र, शांत रात्री जमिनीलगतची थंड हवा आवाज खाली वाकवते आणि तो लांब जातो. सुरुवात हळू आवाजात कर. आणि वारा बघून बस, कारण कायोटी बहुतेकदा वळसा घालून वास घेत येतो. वासाचं बटण अजून कुणी काढलेलं नाही :)

तो खूश झाला. मी मात्र एका नियमापाशी अडकलो होतो. अमेरिकेत बदकं आणि हंसांना रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून बोलावायला संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे. जिवंत बदक बांधून बाकीची बोलावायची पद्धत तर १९३५ मध्येच बंद केली. का? कारण फार सोपं होतं, आणि पक्षी संपत चालले होते. हिमहंस इतके वाढले की हडसन उपसागराकाठचा टुंड्रा खाऊन उजाड करू लागले, तेव्हा १९९९ मध्ये तेवढ्यांपुरती सूट दिली. कायोटीला मात्र बहुतेक राज्यांत तोच भोंगा चालतो. म्हणजे यंत्र तेच, आणि फसवणूक रास्त की नाही हे ठरतं समोरचा प्राणी आपल्याला किती हवासा आहे त्यावर.

गंमत म्हणजे नकोसा तोच टिकला. १९१५ पासून सरकारी पैशाने त्याला मारणं चालू झालं, १९३१ मध्ये त्यासाठी कायदा झाला, विषही घातलं. १९७२ मध्ये निक्सनने सरकारी जमिनीवरचं विष थांबवलं. एवढं होऊनही पश्चिमेच्या माळावरचा हा प्राणी आज हवाई सोडून प्रत्येक राज्यात आहे.

त्याच १९७२ मध्ये आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आला. तोंडाने तित्तिराचा आवाज काढून फासे लावणारे फासेपारधी गुन्हेगार ठरले. पण रविवारी कॅमेरा घेऊन रानात जाणारे आपण? फोनवर पक्ष्याची साद वाजवतो, तो बिचारा घरटं सोडून आपल्या हद्दीत कोण घुसलं ते बघायला धावत येतो, आणि आपण क्लिक करतो. गोळी नाही, एवढाच फरक. मीही एकदा सिंहगडच्या वाटेवर हे केलंय. पक्षी दहा मिनिटं फांदीवरून फांदीवर ओरडत फिरत होता. फोटो झकास आला होता.

त्या सहकाऱ्याच्या वडिलांची वासरं तरी जात होती. माझं काय जात होतं?

असो. फोनमधले ते आवाज आता काढून टाकलेत.