तळटीप : स्मृतीची मर्यादा आणि मागाहून जोडलेली स्मृती
* मूळ लेखातील ‘मर्यादा’ या शब्दाचा थोडा खुलासा येथे आवश्यक वाटतो. १६१० साली खडकी, म्हणजेच आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविणाऱ्या मलिक अंबराच्या जमाबंदीत ज्याप्रमाणे जमिनीची आधी पाहणी होई, तिची प्रत ठरे आणि मगच सारा मुक्रर होई, त्याचप्रमाणे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, चालू यंत्रात नव्याने जोडलेली स्मृती आधी दप्तरी दाखल करून घेतो आणि मगच ती वाटपास खुली करतो. लिनक्समध्ये, प्रचलित ६४-बिट इंटेल धर्तीच्या यंत्रांवर, १२८ मेगाबाइटांचा एक विभाग दाखल करताना ४ किलोबाइटांची ३२,७६८ पाने खतवावी लागतात, आणि प्रत्येक पानामागे ६४ बाइट या हिशेबाने निव्वळ नोंदवहीसाठीच २ मेगाबाइट खर्ची पडतात. यंत्र सुरू होताना ‘मेम’ या आज्ञेने घातलेली कमाल मर्यादा मागाहून येणाऱ्या स्मृतीसही लागू असावी, अशी तजवीज २०१९ साली झाली. परंतु त्यामुळे जाणूनबुजून जोडलेली स्मृतीही नाकारली जाऊ लागली, म्हणून २०२० साली त्या मर्यादेचा अंमल केवळ प्रारंभकाळापुरता ठेवण्यात आला. आमच्या मते हा निर्णय सर्वस्वी न्याय्य होय. कारण पूर्वीचा हुकूम पूर्वीच्या संचिताविषयी असतो, आणि धन्याने स्वेच्छेने घातलेली भर हा नवा हुकूमच असतो. — संपादक