पट्टा आणि परगणे

रोलाँ बार्थ यांच्या 'मिथॉलॉजीज' (१९५७) या ग्रंथातील कुस्तीवरचा निबंध साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. मुष्टियुद्ध ही काळाच्या ओघात उलगडणारी कथा असते, कुस्तीत मात्र प्रत्येक क्षण स्वतःपुरता अर्थपूर्ण असतो आणि प्रेक्षकाला भविष्याची फिकीर नसते, अशा आशयाची मांडणी त्यात आहे. पॅरिसमधल्या एखाद्या रात्रीच्या खेळापुरती ती खरी असेलही. परंतु त्याच काळात अमेरिकेत जी व्यावसायिक कुस्ती नांदत होती, तिचा सारा डोलारा 'पुढे काय?' या एकाच प्रश्नावर उभा होता, असे आम्हांस वाटते. आणि तो प्रश्न सर्वांत टोकदार होई तो जागतिक विजेता आपला पट्टा राखण्यासाठी एखाद्या गावी येई तेव्हा.

ही व्यवस्था समजून घेतली पाहिजे. जुलै १९४८मध्ये आयोवातील वॉटर्लू या गावी मध्य-पश्चिमेचे काही कुस्ती-व्यावसायिक एकत्र आले आणि नॅशनल रेसलिंग अलायन्सची स्थापना झाली. देशाचे जणू परगणे पाडण्यात आले. एकाच्या परगण्यात दुसऱ्याने खेळ लावायचा नाही, बंडखोराला कोणी काम द्यायचे नाही, आणि सर्वांनी मिळून एकच जागतिक विजेता मानायचा. हा उघडच मक्तेदारीचा करार होता. अमेरिकी न्याय खात्याने त्याची दखल घेतली व १९५६मध्ये संघटनेला तडजोडीच्या हुकुमावर सही करावी लागली. परगणे मात्र व्यवहारात पुढे पाव शतकाहून अधिक काळ टिकले.

परगण्यातला प्रेक्षक दर आठवड्याला त्याच सभागृहात, बहुधा त्याच पैलवानांना पाहत असे. स्थानिक पट्टे त्यांच्यात फिरत राहत. जागतिक विजेता हा या घरातला पाहुणा. वर्षातून मोजक्याच वेळा येणारा. तो येण्याआधी कित्येक आठवडे स्थानिक नायकाला त्याच्या तोडीचा म्हणून घडवले जाई. आता पेच असा, की विजेत्याने हरायचे नाही, कारण पट्टा साऱ्या संघटनेचा. पण त्याने सहज जिंकायचेही नाही, कारण तो निघून गेल्यावर त्या गावाला त्याच नायकावर पोट भरायचे असे. या पेचातून एक रचनाबंध निर्माण झाला. तीनपैकी दोन डाव जिंकायचे. पहिला डाव अनेकदा स्थानिक नायकाचा. सभागृह डोक्यावर घेतले जाई. दुसरा विजेत्याचा. तिसऱ्यात नायकाची पकड बसलेली, विजेता कासावीस, आणि तेवढ्यात साठ मिनिटे संपल्याची घंटा! बरोबरी, म्हणजे पट्टा जुन्याच कमरेला. किंवा विजेता नियमभंगाबद्दल बाद ठरे. कुस्ती नायकाची, पण बाद ठरण्याने पट्टा हलत नसे.

आपल्या मैदानांत कुस्ती 'निकाली' व्हावी अशी मागणी असते. बरोबरीची कुस्ती म्हणजे रसभंग. तिकडे मात्र बरोबरी हाच रसाचा परिपोष होता. प्रेक्षक घरी जाई तो एका खात्रीने, की आणखी एक मिनिट मिळाले असते तर आपलाच माणूस जगज्जेता झाला असता. चार वर्षांहून अधिक काळ (१९६९-१९७३) विजेता राहिलेला डोरी फंक धाकटा या तासाभराच्या बरोबरीचा निष्णात कारागीर होता. सतत प्रवास, नवे गाव, अनोळखी प्रतिस्पर्धी, आणि तासभर त्याला स्वतःहून मोठे भासवणे. याला 'नुरा कुस्ती' म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. त्यातली मेहनत आणि औदार्य मग नजरेआड होते.

तरीही या बनावाच्या मुळाशी खऱ्या कुस्तीचे भय होते, हे आम्हांस सर्वांत लक्षणीय वाटते. एखाद्या पैलवानाने ठरलेले मोडून खरोखरच विजेत्याला चितपट केले तर? म्हणून विजेता असा हवा, की ज्याच्याशी दगा करण्याची कोणाची छाती होऊ नये. पहिला विजेता ऑर्व्हिल ब्राऊन नोव्हेंबर १९४९मध्ये मोटार अपघातात कायमचा जायबंदी झाला आणि पट्टा लू थेझकडे आला. थेझ अंग मोडणाऱ्या खऱ्या पकडींचा जाणकार होता. खोट्याच्या दारावर खरा पहारेकरी! शिवाय विजेत्याकडून अनामत घेतली जाई. बडी रॉजर्सच्या काळी ती २५,००० डॉलर होती. या रॉजर्सने ३० जून १९६१ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कवर ३८,६२२ प्रेक्षकांसमोर पॅट ओ'कॉनरला हरवले होते. पण तो ईशान्येच्या व्यावसायिकांच्या मुठीत राहू लागला, इतर परगण्यांना त्याच्या तारखा मिळेनात. २४ जानेवारी १९६३ रोजी टोरोंटोत थेझला पुन्हा पुढे करून पट्टा काढून घेण्यात आला. ईशान्येने तो निकाल नाकारला: कुस्ती एकाच डावाची होती, ही सबब. त्यातूनच त्यांची वेगळी संघटना उभी राहिली.

१९८०च्या दशकात केबल दूरचित्रवाणीने परगण्यांच्या सीमा पुसल्या. दूरचा विजेता रोज घरात दिसू लागला. पाहुण्याचे अप्रूप सरले, तशी त्याच्या पट्टारक्षणाची रंगतही ओसरली.

मेम्फिसच्या जेरी लॉलरचे उदाहरण मनात घर करून राहते. सोमवारमागून सोमवार मिड-साउथ कोलिझियममध्ये त्या गावाने त्याला लढताना पाहिले. निक बॉकविंकल आला, १९८२मध्ये रिक फ्लेअर आला. दर खेपेस पट्टा हाताशी येऊन निसटला. या 'जवळजवळ'वर मेम्फिस दशकाहून अधिक काळ जगले. अखेर ९ मे १९८८ रोजी, त्याच शहरात, लॉलरने कर्ट हेनिगला हरवून अमेरिकन रेसलिंग असोसिएशनचे जागतिक विजेतेपद मिळवले. तोवर ती संघटनाच मोडकळीस आली होती. जानेवारी १९८९मध्ये तिने तो पट्टा लॉलरकडून काढून घेतला, तोही कुस्तीविना.