नियमित इंग्रजी क्रियापद : रूपे व काळ

मूळ रूपाला ‘ईडी’ जोडून ज्याचे भूतकाळाचे रूप आणि भूतकालवाचक धातुसाधित अशी दोन्ही होतात, ते इंग्रजीतील नियमित क्रियापद. मराठी शाळेत असे क्रियापद काळांत ‘चालवायला’ सांगतात. हा शब्द संस्कृतच्या तासाचा. तिथे धातू चालवतात. म्हणून नमुन्यालाही येथे ‘वॉक’, म्हणजे चालणेच, घेतले आहे.

रूपे : वॉकची रूपे चारच. वॉक, वॉक्स, वॉक्ट, वॉकिंग. फळ्यावरच्या बारा काळांच्या तक्त्यात हीच आलटून पालटून येतात. बाकीचा भार बी, हॅव आणि विल किंवा शॅल या साहाय्यक क्रियापदांवर असतो. ‘विल हॅव बीन वॉकिंग’ या भीतिदायक रूपात चालण्याचा शब्द एकच आहे, उरलेले तिघे हमाल. नुसत्या प्रत्ययाने होणारे काळ मोजले तर इंग्रजीत दोनच भरतात, वर्तमान आणि भूत. भविष्याला इंग्रजीत स्वतःचा प्रत्यय नाही. मराठीला तो आहे : चालेन, चालशील, चालेल.

एकूणच रूपांचा पसारा मराठीत मोठा. चाललो, चालले, चाललास, चाललीस, चालला, चालली, चाललात, या सगळ्यांना इंग्रजीत एकच वॉक्ट. सकर्मक क्रियापद तर भूतकाळात कर्त्याला सोडून कर्माशी जुळते : त्याने डबा उघडला, खिडकी उघडली, दार उघडले. तिन्हीकडे ओपन्ड. हे सारे न शिकता बोलणारे मूल वर्तमानकाळी तृतीयपुरुषी एकवचनातल्या एका ‘एस’ला अडखळते, ते त्या अक्षराच्या अवघडपणामुळे नसावे.

उच्चार : ‘ईडी’ लिहिण्यात एक, बोलण्यात तीन. वॉक्ट, प्लेड, वॉन्टिड. याची किल्ली मराठी वर्णमालेतच आहे. धातूच्या शेवटी क, प, च, स, श, फ असा कठोर ध्वनी असेल तर ‘ट’. मृदू व्यंजन किंवा स्वर असेल तर ‘ड’. शेवटी ट किंवा डच असेल तर ‘इड’. ‘एस’ही याच वाटेने जातो : वॉक्समध्ये स, प्लेझमध्ये झ, वॉशिझमध्ये इझ. कठोर-मृदू हा भेद मुले मराठीच्या संधीसाठी शिकतात आणि इंग्रजीच्या तासाला विसरतात. त्यामुळे ‘वॉकेड’ ऐकू येते.

लेखनाचे नियम थोडे. स्टॉपमधला ‘पी’ दुप्पट होतो, स्टडीतल्या ‘वाय’चा ‘आय’ होतो, शेवटी ‘ई’ असेल तर नुसता ‘डी’ पुरतो.

रूप आणि काळ : खरी अडचण येथे आहे. भिवंडी–वाडा रस्त्यावरच्या अंबाडी नाक्यावर, जिथून वज्रेश्वरीकडे फाटा जातो, गाडीची वाट पाहणारा माणूस सोबत्याला म्हणतो, ‘मी चाललो.’ रूप भूतकाळाचे. पिशवी मात्र अजून पायाशी. बोलावले तर ‘आलोच’ म्हणेल, निरोप घेताना ‘येतो’ म्हणेल. तिन्ही ठिकाणी रूप एक सांगते आणि काळ दुसरा असतो. अशा वाक्याला तक्त्यातला भूतकाळ लावला की भाषांतर फसते.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 मध्ये निघाले. त्यावर लिंडले मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाचा ठसा होता. मोरो केशव दामले यांनी 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त रूपांना काळाऐवजी प्रत्ययावरून नावे दिली : ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात. ‘चाललो’ हे लाख्यात. त्याचा काळ वाक्य ठरवील. शाळेने ही नावे घेतली नाहीत, पण इंग्रजीलाही ती दृष्टी लागू पडते. ‘इफ आय वॉक्ट’ म्हणजे ‘मी चाललो तर’; दोन्हीकडे भूतकाळाचे रूप, दोन्हीकडे चालणे व्हायचेच आहे.

शालेय मराठी व्याकरण साध्या, अपूर्ण व पूर्ण काळांबरोबर चौथा रीतिकाळ मानते : चालत असतो, चालत असे. इंग्रजी तक्त्यात चौथ्या जागी पूर्ण-चालू काळ बसतो. म्हणजे चौथे घर दोन्ही तक्त्यांत आहे, पण भाडेकरू वेगळे. ‘चालत असे’साठी इंग्रजीत ‘यूझ्ड टू वॉक’ म्हणावे लागते, आणि ‘पाच वर्षांपासून राहतो’ या साध्या वर्तमानासाठी ‘हॅव बीन लिव्हिंग’.

नेहमीच्या चुका : ‘मी काल भिवंडीला थांबलो होतो’ याचे ‘हॅड स्टेड’ करण्याचा मोह होतो. पुढे दुसरी घटना सांगायची नसेल तर इंग्रजीला नुसते ‘स्टेड’ पुरते. ‘होतो’ दिसले की ‘हॅड’ हे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेले आहे, आणि चूक आहे.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली ती 2000 साली. त्याआधी ती पाचवीत भेटे. त्यामुळे आता वापर आधी आणि तक्ता नंतर येतो, तरी एक चूक टिकून आहे : ‘डिड नॉट वॉक्ट’. भूतकाळ ‘डिड’ने उचलला की वॉकला ‘ईडी’ लागत नाही.